ऑनलाइन कोर्समधला शेरा: शब्द बदलले की शिकणारा टिकतो का?

अक्षरवेल

ऑनलाइन कोर्समध्ये शिकणाऱ्याला शिक्षकाचा चेहरा दिसत नाही. वर्गात "चुकलंय बरं का" म्हणताना जो आवाज असतो, बाकापाशी थांबलेली दोन मिनिटं असतात, त्यातलं काहीच पडद्यावर पोचत नाही. पोचतो फक्त शेरा. म्हणून तो कसा लिहिलाय याला वर्गापेक्षा इथे जास्त वजन असावं असं मला वाटतं.

एक उदाहरण घेऊ. प्रोग्रॅमिंगचा अगदी पहिला कोर्स, दुसरा गृहपाठ: यादीतल्या आकड्यांची बेरीज करा. यादी २, ४, ६, ८, १०. उत्तर ३० यायला हवं, प्रोग्रॅम २० देतोय, कारण लूप (तीच कृती यादीतल्या एकेका आकड्यावर पुन्हा पुन्हा करणारा भाग) शेवटच्या आकड्याआधीच थांबतो. यावर तीन शेरे:

क) "४/१०. लूप समजलेला नाही. धडा पुन्हा वाचा."

ख) "छान प्रयत्न! पण अजून थोडं लक्ष द्या. ४/१०."

ग) "यादी वाचणं आणि बेरीज साठवणं जमलंय. ३० ऐवजी २० येतंय. प्रत्येक फेरीत कोणता आकडा मिळवला जातोय, ते छापून बघा."

माझं मत ग च्या बाजूने. पण ग चांगला आहे तो सौम्य आहे म्हणून, की त्यात माहिती आहे म्हणून? आणि शिकणारे तीनशे असतील तर असे शेरे लिहायचे कसे?

---

त्रिज्या

माहिती आहे म्हणून. क आणि ख एकमेकांच्या विरुद्ध टोकांचे वाटतात, पण दोघांत दोष एकच आहे: दोन्ही शेरे माणसाबद्दल बोलतात, कामाबद्दल नाही. एक म्हणतो तुला समजलं नाही, दुसरा म्हणतो तू प्रयत्न छान केलास. लूप कुठे थांबला हे दोघंही सांगत नाहीत.

क्लूगर आणि डेनिसी यांनी १९९६ मध्ये अभिप्रायावरच्या जुन्या प्रयोगांची एकत्र मोजदाद केली. ६०७ परिणाम, २३ हजारांवर निरीक्षणं. सरासरी फायदा ०.४१ प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरतात त्याचं माप), म्हणजे चांगलाच. पण एक तृतीयांशाहून जास्त ठिकाणी अभिप्राय दिल्यावर कामगिरी खाली गेली. अभिप्राय दिला की फायदाच होतो, हा समज तिथेच मोडतो. त्यांनी दिलेलं कारण इथे लागू पडतं: लक्ष कामावरून उठून "मी कसा आहे" याकडे गेलं की अभिप्रायाचं बळ कमी होतं. स्तुतीनेही लक्ष तिकडेच जातं, म्हणून ख कडे मी जास्त संशयाने बघते.

---

पाटीपेन्सिल

"लक्ष द्या" या शेऱ्याला माझी कायम एकच शंका असते: कशाकडे? :)

---

खडू_फळा

त्रिज्या यांच्याशी सहमत. पण क आणि ख मध्ये आणखी एक गोष्ट सारखी आहे, ती म्हणजे ४/१०. रूथ बटलर यांचा १९८८ चा प्रयोग पाहा. पाचवी-सहावीच्या मुलांचे तीन गट: एकाला फक्त लेखी शेरा, एकाला फक्त गुण, एकाला दोन्ही. फक्त शेरा मिळालेल्यांची गोडी टिकली आणि काम सुधारलं. गुण अधिक शेरा मिळालेला गट जवळपास फक्त गुणवाल्यांसारखाच वागला. गुण दिसला की शेऱ्यापाशी कोणी थांबत नाही.

मूडल (ऑनलाइन कोर्स चालवण्याची प्रणाली) वापरणाऱ्यांसाठी याचा सोपा उपाय आहे. क्विझच्या सेटिंगमध्ये "रिव्ह्यू ऑप्शन्स" असतात, त्यात वेळेनुसार रकाने आहेत: उत्तर देताना, लगेच नंतर, नंतर पण क्विझ उघडी असताना, आणि क्विझ बंद झाल्यावर. मधल्या दोन रकान्यांत "मार्क्स" आणि "राइट आन्सर" यांच्या खुणा काढा, "स्पेसिफिक फीडबॅक" (त्या उत्तरापुरता शेरा) ची ठेवा. गुण क्विझ बंद झाल्यावरच दिसू द्या.

असाइनमेंटसाठी पहिल्या मसुद्याला गुणांऐवजी स्वतः बनवलेली श्रेणी लावा. श्रेणी लिहिताना खालून वर, स्वल्पविराम देत: "एक मुद्दा दुरुस्त करायचा आहे, तयार". दोनच पायऱ्या. पाच पायऱ्या केल्या की ते पुन्हा गुणच होतात, नुसते शब्दांत लिहिलेले.

---

समास

इथे थोडं थांबतो. बटलर यांचा प्रयोग शाळकरी मुलांवर आहे. ऑनलाइन कोर्समधला मोठा भाग नोकरी करणाऱ्यांचा. त्यांना प्रमाणपत्र हवं असतं, ते उत्तीर्ण गुणांवर मिळतं, आणि आपण कुठे आहोत हे कळणं हा त्यांचा हक्क आहे. गुण लपवले की संशय वाढतो आणि पहिला प्रश्न येतो "गुण कधी दिसणार?"

शिवाय गुण हा काही मुळात वाईट अभिप्राय नाही. डेसी आणि रायन या मानसशास्त्रज्ञांनी केलेला फरक मला जास्त उपयोगी वाटतो: माहिती देणारा अभिप्राय आणि ताब्यात ठेवू पाहणारा अभिप्राय. "अपेक्षेप्रमाणे केलंत, असंच चालू ठेवायला हवं" हे गोड वाक्यसुद्धा दुसऱ्या प्रकारात मोडतं. उलट "१० पैकी ४ चाचण्या उत्तीर्ण, उरलेल्या ६ मध्ये यादीतला शेवटचा आकडा सुटतोय" यात गुण आहे, तरी ती माहिती आहे.

---

खडू_फळा

@समास, मान्य. कायमचे लपवा असं म्हणत नाही. क्रम एवढाच: आधी शेरा, मग सुधारून पुन्हा पाठवणं, मग गुण. आणि हे पहिल्याच आठवड्यात लिहून सांगायचं, "गुण रविवारी रात्री दिसतील, तोवर दोनदा सुधारता येईल". तारीख दिली की संशय उरत नाही.

---

उंबरठा

वाचतेय. एक प्रश्न. "जमलं नाही" ऐवजी "अजून जमलं नाही" लिहा असा सल्ला सगळीकडे दिसतो. त्या एका शब्दाने काही होतं का?

---

अक्षरवेल

@उंबरठा, मराठीत तर उलटा परिणाम होण्याची भीती आहे. "अजून झालं नाही?" हे आपण कधी म्हणतो? कोणी उशीर केला की. "अजून जमलं नाही" यात धीर कमी आणि कंटाळा जास्त ऐकू येतो. मूळ इंग्रजी सल्ल्यातला दिलासा आपल्याकडे शब्दशः उतरत नाही. त्यापेक्षा "इथवर बरोबर आलंय, पुढची पायरी ही" असं लिहिलं तर तोच अर्थ पोचतो.

मराठी शेऱ्यांत आणखी काही शब्द जपून वापरावे लागतात. "पण": "छान लिहिलंय, पण…" यातलं छान पुसलं जातं. दोन वेगळी वाक्यं करा, मधला "पण" काढा. "फक्त" आणि "साधं": "फक्त एक ओळ बदला" हे लिहिणाऱ्याला धीर देणारं वाटतं, पण ती एक ओळ ज्याला सापडत नाही त्याला दुप्पट लाज वाटते. आणि "च": "हे पहिल्याच धड्यात सांगितलं होतं" यातला तो "च" टोचतो.

कर्ता कोण आहे तेही बघा. "तुम्ही शेवटचा आकडा घेतला नाही" आणि "शेवटचा आकडा बेरजेत येत नाहीये". दुसऱ्यात बोट माणसाकडून कोडकडे वळतं. कौतुकात मात्र कर्ता ठेवा: "तुम्ही बेरीज लूपच्या बाहेर शून्याने सुरू केलीत, त्यामुळे आकडे नीट साठले."

---

निरंजन_दिवा

"पण" आणि "फक्त" साठी +१.

---

त्रिज्या

उंबरठा यांच्या प्रश्नाला दुसऱ्या बाजूने उत्तर. म्यूलर आणि ड्वेक यांचं १९९८ चं काम प्रसिद्ध आहे: सोपी कोडी सुटल्यावर काही मुलांना "हुशार आहेस" म्हटलं, काहींना "मेहनत घेतलीस". मग मुद्दाम अवघड कोडी दिली. हुशार म्हटलेली मुलं त्यानंतर लवकर नाउमेद झाली, पुढच्या कोड्यांत मागे पडली, आणि स्वतःचे गुण फुगवून सांगणारी त्यांच्यातच जास्त निघाली. पण यावरून "मेहनतीचं कौतुक करा की झालं" असं सूत्र बनवणं चूक आहे. "क्षमता वाढवता येते" हे पटवून मानसिकता बदलण्याच्या उपक्रमांचा २०१८ मधला एकत्रित आढावा पाहिला तर अभ्यासावरचा सरासरी परिणाम त्याच मापाने ०.०८ इतकाच भरतो.

ज्याने मेहनत घेतली आणि तरी चुकलं, त्याला "मेहनत छान" म्हणणं म्हणजे त्याच्या हाती काहीच न देणं. कौतुक पद्धतीचं करा. हॅटी आणि टिंपर्ली यांनी २००७ मध्ये अभिप्रायाच्या चार पातळ्या मांडल्या: काम, कामाची पद्धत, स्वतःच स्वतःला तपासणं, आणि व्यक्ती. चौथी सगळ्यात दुबळी. अक्षरवेल यांचा ग पहिल्या पातळीवर सुरू होतो आणि "छापून बघा" म्हणत तिसऱ्या पातळीकडे सरकतो. त्याची ताकद तिथे आहे.

---

समास

नवशिक्या आणि जाणकार यांना एकच साचा लावू नये, हाही मुद्दा हवा. फिंकेलस्टाइन आणि फिशबाख यांनी २०१२ मध्ये दाखवलं की नवशिके "काय जमलं" हे ऐकायला उत्सुक असतात, आणि जाणकारांना "काय चुकतंय" हे हवं असतं. कारण सरळ आहे: नवशिक्याचा प्रश्न "मला हे झेपेल का" हा असतो, जाणकाराचा "अजून किती उरलंय" हा.

त्याचंच धाकटं भावंड प्रगतीच्या पट्टीचं. सुरुवातीला "२ धडे पूर्ण" दाखवा, शेवटाकडे "२ धडे बाकी". आकडा जो लहान असेल तो दाखवला की पुढचं प्रत्येक पाऊल मोठं वाटतं. पहिल्या आठवड्यात "३८ धडे बाकी" असं स्मरणपत्र पाठवणं म्हणजे दारातच ओझं दाखवणं.

---

पाटीपेन्सिल

आणि क्रमवारी? "तुमच्यापुढे २१४ जण आहेत" हे वाचून कोणाला अभ्यासाला बसावंसं वाटेल? वरच्या दहांना वाटत असेल. तुलना करायचीच तर त्याच माणसाच्या मागच्या प्रयत्नाशी करा: "पहिल्या वेळी ४ चाचण्या, या वेळी ७".

---

कंसातला

तीनशे शिकणाऱ्यांच्या प्रश्नाकडे येतो, कारण बाकी सगळं त्यावर अडतं. प्रत्येक शेऱ्याला ६ मिनिटं धरली तर एका गृहपाठाचे ३० तास झाले. ते होत नाही. म्हणून लोक "छान प्रयत्न" वर येतात. दोष मनाचा नसतो, वेळेचा असतो.

करायचं असं. पहिल्या तुकडीतली ३०-४० चुकलेली उत्तरं बाजूला काढा आणि चुकीच्या कारणानुसार ढीग करा. बेरजेच्या गृहपाठात ढीग साधारण असे पडतात: शेवटचा घटक सुटला (२०), पहिला सुटला (२८), बेरीज दर फेरीत पुन्हा शून्य होते (१०), निकाल छापलाय पण परत पाठवला नाही (रिकामं). कंसातले आकडे बघा: चुकीचं उत्तरच कारण सांगतं. म्हणजे तपासणाऱ्या प्रोग्रॅमला "चाचणी ३ अनुत्तीर्ण" एवढंच न म्हणता, उत्तर २० असेल तर एक संदेश, १० असेल तर दुसरा, असं शिकवता येतं.

इथे एक सापळा आहे. यादी निवडताना दोन वेगळ्या चुकांचं उत्तर एकच येणार नाही याची खात्री करा. यादी ५, ५, ५ घेतलीत तर पहिला सुटला काय आणि शेवटचा सुटला काय, उत्तर १०च. मग संदेश चुकीचा जातो. चुकीचं निदान करणारा शेरा हा शेरा नसण्यापेक्षा वाईट, कारण शिकणारा बरोबर असलेली ओळ बदलायला बसतो. ओळखू न आलेल्या उत्तरांना अंदाजाने काही चिकटवू नका. तिथे "अपेक्षित ३०, आलं १७" एवढंच दाखवा आणि ते उत्तर माणसाकडे पाठवा. दर आठवड्याला त्या उरलेल्यांतून नवा ढीग बनतोय का ते बघा.

---

खडू_फळा

वा! याला जोडून: मूडलच्या क्विझमध्ये हेच "इंटरॲक्टिव्ह विथ मल्टिपल ट्राइज" या पद्धतीने होतं. प्रश्नात हिंट जितक्या भरल्या, प्रयत्न त्याहून एक जास्त. हिंट भरायच्या राहिल्या तर प्रयत्न एकच मिळतो, आणि मग "पुन्हा प्रयत्नाचं बटण का येत नाही" म्हणून शोधाशोध होते. प्रत्येक चुकीच्या प्रयत्नाला मूळ सेटिंगमध्ये एक तृतीयांश गुण कापले जातात. सरावाच्या क्विझमध्ये ते शून्य करा. "चुकून बघा" म्हणायचं आणि चुकल्याबद्दल कापायचं, या दोन गोष्टी एकत्र नांदत नाहीत.

हिंटांची चढण अशी ठेवा: पहिली हिंट कुठे बघायचं ते सांगते, दुसरी काय तपासायचं ते, तिसरी तसंच सोडवलेलं दुसरं उदाहरण दाखवते. उत्तर कुठल्याच हिंटमध्ये नको.

---

उंबरठा

म्हणजे मुळात शब्दांपेक्षा पुन्हा करायची सोय महत्त्वाची, असं म्हणायचं का? तसं असेल तर धाग्याचा प्रश्नच बाजूला पडतो.

---

त्रिज्या

बाजूला पडत नाही. अपयशाचा अभिप्राय अंगाला लागला की माणूस ऐकणंच बंद करतो, हे एस्क्रिस-विंक्लर आणि फिशबाख यांनी २०१९ मध्ये फार स्वच्छ दाखवलंय. प्रश्नांना दोनच पर्याय होते, त्यामुळे "तुमचं चुकलं" म्हटलं की बरोबर उत्तर आपोआप कळतं. माहिती "बरोबर" म्हटल्यावर जितकी, तितकीच. तरीही चूक सांगितलेले लोक कमी शिकले. स्वतःला त्या जागेवरून दूर केल्यावर, म्हणजे दुसऱ्या कोणाचं चुकलेलं बघताना, लोक नीट शिकले. म्हणून शब्द हे दार. आत जायला पुन्हा पाठवण्याची सोय लागते, पण दार बंद असेल तर सोय वापरणार कोण?

यातून एक युक्तीही मिळते. गृहपाठाआधी एक चुकलेला नमुना द्या आणि त्यातली चूक शोधायला सांगा. तीच चूक उद्या स्वतःच्या कोडमध्ये आली तर ओळखीची वाटते, अपमान वाटत नाही.

---

निरंजन_दिवा

शब्दांच्या बाजूने सर्वांत ठळक आकडा येगर आणि सहकाऱ्यांच्या २०१४ च्या अभ्यासातला. अमेरिकेतल्या सातवीच्या मुलांच्या निबंधांवर शिक्षकांनी नेहमीसारखे कडक शेरे दिले. त्यावर एक चिठ्ठी लावली. निम्म्या चिठ्ठ्यांवर साधा मजकूर. निम्म्यांवर असा आशय: हे शेरे देतोय कारण माझ्या अपेक्षा उंच आहेत आणि तू त्या गाठशील याची मला खात्री आहे. कृष्णवर्णीय मुलांत निबंध सुधारून परत देणाऱ्यांचं प्रमाण १७ टक्क्यांवरून ७१ टक्क्यांवर गेलं. शेरे कमी केले नाहीत, गोड केले नाहीत. शेरा कशासाठी आहे एवढंच सांगितलं.

---

कंसातला

@निरंजन_दिवा, अभ्यास चांगला आहे, पण मुलं थोडी होती, आणि चिठ्ठी ओळखीच्या शिक्षकाच्या अक्षरात होती. तेच वाक्य प्रत्येक गृहपाठाखाली यंत्राने चिकटवलं तर तिसऱ्या आठवड्यात ते कोणी वाचत नाही. मोठ्या ऑनलाइन कोर्समध्ये छोट्या मानसशास्त्रीय उपक्रमांचं काय होतं, हे किझिलचेक आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये अडीचशेच्या आसपास कोर्सवर, अडीच लाखांहून जास्त शिकणाऱ्यांवर पाहिलं. आधी छोट्या प्रयोगांत उठून दिसलेले परिणाम तिथे बरेच विरले. ते उपक्रम शेऱ्यांचे नव्हते, पण धडा इथेही लागू आहे.

असं वाक्य वापरायचंच तर कोर्समध्ये एकदा, पहिल्या मोठ्या टीकेच्या वेळी, आणि त्या माणसाच्या कामातला एक तपशील जोडून. तपशील नसेल तर वाक्यही नको.

---

निरंजन_दिवा

पटलं. तपशील हवाच.

---

पाटीपेन्सिल

अवांतर: आजकाल शेऱ्याचा मसुदा एआयकडून घेतात. त्यात दिसणारा दोष ठरलेला आहे: आधी तीन ओळी स्तुती, मग सात सूचना, सगळ्या सारख्याच महत्त्वाच्या. नवशिक्याने त्यातली कोणती आधी करायची? मसुदा मागताना मर्यादा घाला: जमलेली एक गोष्ट, अडवणारी एक गोष्ट, पुढची एक कृती, मिळून तीन वाक्यं. मग जमलेली गोष्ट खरंच त्या कामात आहे का, ते माणसाने बघायचं. नसलेल्या गुणाचं कौतुक झालं की पुढच्या शेऱ्यांवरचा विश्वास गेला.

---

समास

वेळेचाही एक हिशेब. गृहपाठ २ वरचा शेरा गृहपाठ ३ पाठवून झाल्यावर आला तर तो कितीही सुंदर असो, वापरायला जागा नाही. सगळ्यांना उशिरा सविस्तर देण्यापेक्षा दोन दिवसांत एक ओळ बरी.

---

अक्षरवेल

सगळ्यांचे मुद्दे घेऊन ग पुन्हा लिहिला:

"तुम्ही बेरीज शून्याने सुरू करून लूपच्या बाहेर ठेवलीत, त्यामुळे आकडे नीट साठतायत. ३० यायला हवं, २० येतंय. लूपमध्ये प्रत्येक फेरीला आकडा छापा आणि यादीशी ताडून बघा. रविवारपर्यंत दोनदा पाठवता येईल."

"पण" नाही, गुण नाही, एकच कृती, आणि पुन्हा पाठवायची मुदत.

---

कंसातला

छान झालाय. एकच भर: पुन्हा पाठवताना एक ओळ मागा, "शेरा वाचून काय बदललंत?" उत्तर "लूपची मर्यादा एकने वाढवली" असं आलं तर काम झालं. "कोड दुरुस्त केला" एवढंच आलं तर उत्तर बरोबर असूनही कारण कळलेलं नसू शकतं. त्याला ६ आकड्यांची दुसरी यादी द्या.

---

खडू_फळा

आणि मूडलच्या असाइनमेंट सेटिंगमधलं एक विसरू नका. पुन्हा पाठवणं "पास होईपर्यंत आपोआप" असं ठेवलं असेल तर उत्तीर्ण होण्याची श्रेणीही भरावी लागते. ती राहिली तर पुन्हा पाठवायचा मार्ग उघडतच नाही, आणि तुमचं "दोनदा पाठवता येईल" खोटं ठरतं. कोर्स उघडण्याआधी विद्यार्थ्याच्या खात्यातून एकदा मुद्दाम चुकीचं उत्तर पाठवून बघा.

---

उंबरठा

हे शेवटचं लगेच करून बघते. धन्यवाद अक्षरवेलताई, धागा जपून ठेवलाय.